उसाचं चिपाड, पाचट, मळी यातून काय काय होतं: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाळप सुरू झालं की हेच हेच प्रश्न येतात, फोनवर येतात, बांधावर येतात, लग्नात जेवायला बसलं तरी शेजारचा हातातली प्लेट उलटी करून विचारतो की ही उसाची आहे म्हणे, आपल्याला टाकता येईल का युनिट. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड, जालना या पट्ट्यातला माणूस डोळ्यासमोर ठेवलाय, कोल्हापूर-सांगलीवाल्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्याकडं पाणी आहे.

उसाचं वेस्ट वेस्ट म्हणतात ते नेमकं काय काय?

शेतात राहतं ते पाचट, म्हणजे वाळलेली पानं, आणि शेंड्याचं हिरवं वाढं. कारखान्यात रस काढून उरतं ते बगॅस, आपलं चिपाड. रस साफ करताना फिल्टरवर जो काळा गाळ बसतो तो प्रेसमड, बरेच जण मळी म्हणून ट्रॉलीनं नेऊन शेतात टाकतात तो. शेवटी उरतं मोलॅसिस, पण त्याला वेस्ट म्हणणं बंद करा आता, त्याच्यावर डिस्टिलऱ्या अन इथेनॉल चालतंय. आणि बॉयलरची राख.

अंदाज म्हणून सांगतो, एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतं पण त्यात निम्मं पाणीच असतं, ३०-४० किलो प्रेसमड, ४०-४५ किलो मोलॅसिस. पाचटाचा हिशोब शेतावर, हेक्टरी ८ ते १० टन.

कारखान्याबाहेर डोंगराएवढं बगॅस पडलेलं दिसतं, ते फुकटात मिळत असेल ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे आणि निम्मे बिझनेस प्लॅन याच्यावरच उभे असतात.

तो ढीग म्हणजे कारखान्याचा डिझेल टँक समजा. बगॅस बॉयलरमध्ये जातं, त्याची वाफ होते, वाफेवर मिल चालते, रस उकळतो, टर्बाइन फिरतं, आणि जिथं को-जन म्हणजे वाफेवर वीज करायचा प्रकल्प आहे तिथं उरलेली वीज महावितरणला विकली जाते. म्हणजे बगॅसला आधीच गिऱ्हाईक आहे अन ते गिऱ्हाईक कारखाना स्वतःच आहे. शिल्लक किती राहतं हे बॉयलर किती जुना-नवा, को-जन आहे का, सीझन किती दिवस चालला यावर. ज्या वर्षी मांजरा-तेरणा नद्यांच्या पट्ट्यात पाऊस दगा देतो अन गाळप लवकर आटोपतं त्या वर्षी शिल्लक विचारूच नका.

कोणी बगॅस बाहेर नेलं तर कारखान्याला जाळायला दुसरं काहीतरी लागणार. तामिळनाडूत टीएनपीएल नावाची सरकारी पेपर कंपनी आहे, करूर जिल्ह्यात, बगॅसपासून पेपर करणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक. त्यांनी काय केलं, साखर कारखान्यांना बगॅसच्या बदल्यात कोळसा अन वाफेची सोय दिली. धंदा म्हणून एकदम हुशार, पण यात कोळसा जळतोच ना. तेव्हा कोणी म्हणालं आमची प्लेट शंभर टक्के निसर्गातून आली तर त्याला विचारायचं, बाबा, तुझ्या बगॅसच्या जागी बॉयलरमध्ये काय जळलं?

बगॅसची प्लेट बनते कशी पण?

दोन टप्पे आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला टप्पा पल्पचा. बगॅसमधला पिथ म्हणजे आतला मऊ भुसा आधी वेगळा काढतात कारण त्याला ताकद नसते अन तो पाणी पितो. उरलेले तंतू कॉस्टिक सोड्यात वाफेच्या प्रेशरखाली शिजवतात, त्यानं लिग्निन, म्हणजे तंतूंना चिकटवून धरणारा भाग, सुटतो, मग धुवायचं, पांढरं पाहिजे असेल तर ब्लीच करायचं, नाहीतर तपकिरीच ठेवायचं (माझं मत विचाराल तर तपकिरीच घ्या, पांढऱ्याचा हट्ट आपलाच आहे), आणि शीट करून वाळवायचं.

दुसरा टप्पा मोल्डिंगचा. शीट पाण्यात घुसळून लगदा करतात, इतका पातळ की १०० लिटर पाण्यात फायबर जेमतेम किलोभर किंवा त्याहून कमी. त्यात जाळीचा साचा बुडवून व्हॅक्यूमनं पाणी ओढतात, जाळीवर थर बसतो, तो गरम साच्यात १५०-२०० डिग्रीच्या आसपास दाबतात, कडा कापतात, जंतू मारायला यूव्ही दिव्याखालून काढतात, पॅक. गोंद लागत नाही, तंतू दाबात अन उष्णतेत एकमेकांना धरतात. साच्यातून ओढलेलं पाणी परत वापरतात, निदान वापरायला तरी पाहिजे.

हिशोब: एक टन पल्पला साधारण सहा टन ओलं बगॅस, म्हणजे वीसेक टन ऊस. २० ग्रॅमची प्लेट धरली तर टनभर पल्पात पन्नासेक हजार प्लेटा, रिजेक्ट वजा करा.

मग मी गावात बगॅस आणून थेट प्लेट करू शकतो का?

पल्पसकट? नको. कॉस्टिकमध्ये शिजवल्यावर जे काळं पाणी निघतं, ब्लॅक लिकर म्हणतात त्याला, त्यातून केमिकल परत मिळवायचा प्लांट मोठ्या मिललाच परवडतो. लहान माणसानं पल्पिंग सुरू केलं की ते पाणी शेवटी ओढ्यात जाणार, ओढ्यातून विहिरीत, अन आपल्याकडं विहिरीला आधीच काय राहिलंय. प्रदूषण मंडळ परवानगी देताना त्रास देतं म्हणून ओरडतात लोक, इथं तो त्रास बरोबर आहे.

परवडणारा रस्ता म्हणजे तयार पल्प शीट विकत आणायचं अन फक्त मोल्डिंग करायचं. पण मग हे लक्षात घ्या की तुमचा कच्चा माल शेजारच्या कारखान्यातला नाही, तो ट्रकनं लांबून येणार. "ऊस पट्ट्यात आहोत म्हणून स्वस्त पडेल" हे तिथंच संपतं. तुमचा फायदा असेल तर तो जवळच्या मार्केटचा, म्हणजे संभाजीनगर, लातूर, नांदेडचे केटरर, मंगल कार्यालयं, मिठाईवाले. आणि वीज. गरम प्रेस वीज पिते, लोडशेडिंगच्या फीडरवर हे युनिट टाकू नका, एमआयडीसीत जागा मिळते का ते आधी बघा.

पाचटाची प्लेट होत नाही का? ते तर फुकट आहे.

लॅबमध्ये होते. पाचटात माती अन सिलिका जास्त, गोळा करायला मजूर, बेलर, वाहतूक, अन ते हलकं असल्यानं ट्रॉली भरलेली दिसते पण वजन काहीच नसतं. पाचटाचा सगळ्यात भारी उपयोग शेतातच आहे, खाली लिहिलंय.

गरम रस्सा धरते का? आपल्याकडं तर्रीशिवाय पंगत नाही.

पाणी अन उष्णता बऱ्यापैकी धरते, मायक्रोवेव्हमध्येही चालते. तेलाचं मात्र वेगळं आहे. नुसता फायबर तेल शोषतो, म्हणून लगद्यातच ऑइल-ग्रीस रोखणारं केमिकल टाकतात, आणि गोची इथंच आहे. बरीच वर्षं यासाठी फ्लोरीनवाली केमिकलं वापरली गेली, पीएफएएस म्हणतात त्यांना, ती निसर्गात कुजतच नाहीत अन शरीरातही साठतात. अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की खाण्याच्या पॅकिंगमधली अशी ग्रीसप्रूफ केमिकलं आता तिथल्या बाजारात विकली जात नाहीत. म्हणून सप्लायरला सरळ विचारा, पीएफएएस-फ्री आहे का, टेस्ट रिपोर्ट दाखवा. नुसतं "फूड ग्रेड" असं छापलेलं असणं म्हणजे रिपोर्ट नव्हे.

आणि काही ठिकाणी आतून पातळ प्लॅस्टिकचा थर लावलेला असतो. प्लेट फाडून बघायची, फाडताना पापुद्रा ताणला गेला तर समजून जा.

भारतात यासाठी काही स्टँडर्ड आहे का?

आहे. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, आयएस १८२६७, वर्ष २०२३, शेतीच्या उरलेल्या मालापासून केलेल्या ताट-वाट्यांसाठीच आहे.

ह्या प्लेटा खरंच कुजतात का? किती दिवसात?

ओल असेल, शेण-माती असेल, ढीग गरम होत असेल तर दोन-तीन महिन्यात. उकिरड्यात फाडून टाका अन वरून पाणी मारत राहा, होतं. पण मे महिन्यात माळरानावर उडालेली प्लेट कोरडी पडून राहते, तिला कुजायला ओल कुठून मिळणार, आणि गटारात अडकली तर गटार तुंबतंच, ती उसाची आहे म्हणून काही पाण्याला रस्ता मिळत नाही. लग्न उरकल्यावर प्लेटा कुठं जाणार हे केटररला आधी विचारायचं, कोणी विचारत नाही.

मग पळसाच्या पत्रावळीचं काय वाईट होतं?

काहीच नाही. पळस माळावर उगवतो, पाणी मागत नाही, कॉस्टिक लागत नाही, वीज लागत नाही, अन पत्रावळी लावणाऱ्या बायकांच्या हातात रोख पैसा येतो. गाव-जेवणाला, सप्त्याला, भंडाऱ्याला मी पत्रावळीच सांगतो. बगॅसची प्लेट तिथं घ्या जिथं झाकणवाला डबा पाहिजे, पार्सल पाहिजे, एकसारखा माल पाहिजे, म्हणजे हॉटेल, केक शॉप, डिलिव्हरी. राज्यात २०१८ ला थर्माकोलच्या ताटावर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर, ती जागा भरून काढायला दोघांनाही वाव आहे.

"उसापासून बनलेलं प्लॅस्टिक" म्हणतात ते वेगळं का?

पूर्ण वेगळं. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करते, ते रसायन म्हणून नेहमीच्या पॉलिथिनसारखंच, म्हणजे कुजत नाही, फक्त खनिज तेलाऐवजी उसातून आलं. दुसरं पीएलए नावाचं प्लॅस्टिक, साखर आंबवून करतात, ते कुजतं पण त्याला तापलेला कंपोस्ट प्लांट लागतो, घरच्या खड्ड्यात वर्षभर तसंच सापडेल. आणि दोन्ही साखरेपासून आहेत, चिपाडापासून नाहीत. पाकिटावर ऊस छापलेला बघून फसू नका.

पाचट जाळू नका म्हणता, मग करू काय? खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुढचा ऊस, घ्यायचाय.

ह्या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात लिहितो.

ऊस तुटला की बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, म्हणजे फुटवे जमिनीतून येतील. पाचट सरीत पसरवा, बुडख्यावर राहू देऊ नका. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट अन १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर, असं धरा. युरिया कशाला, तर पाचटात कर्ब जास्त नत्र कमी, जिवाणूंना नत्र मिळालं नाही तर ते तुमच्या उसाचं ओढून घेतात अन ऊस पिवळा पडतो, मग लोक म्हणतात पाचटानं नुकसान झालं. एकराला तीन-चार टन पाचट धरलं तर युरियाची अर्धी-पाऊण गोणीच लागते. वरून पाणी द्या. कल्चर टाकल्यावर रान कोरडं ठेवायचं नाही एवढं पाळा. कुट्टी मशीन मिळालं तर बारीक करून घ्या, लवकर कुजतं. तीन-चार महिन्यात पायाखाली भुसभुशीत लागायला लागतं.

फायदा खताचा तर आहेच, पालाश बऱ्यापैकी असतं त्यात, पण आपल्याकडं खरा फायदा पाण्याचा. झाकलेली सरी उघड्या सरीपेक्षा ओल धरते, तण कमी येतं, खुरपणीची मजुरी वाचते. मार्चनंतर ज्याच्या बोअरला दीड इंच पाणी राहतं त्याला विचारा एक पाळी वाचली म्हणजे काय वाचलं. जाळलं की हे सगळं दहा मिनिटात धूर, वर शेजारच्याचं ठिबक जळालं तर भांडण वेगळं.

उंदीर अन साप होतात म्हणे पाचटात.

उंदीर होतात, खोटं कशाला बोलू. बांध साफ ठेवा, बिळं बघत राहा. सापाच्या भीतीनं पहिले काही आठवडे लोक पाय जपून टाकतात ते बरोबरच आहे, बूट घाला. हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचं म्हणाल तर तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर बाभूळ-कडुलिंबावर येतात, तिथंच रात्री गोळा करून मारायचे, पाचट जाळून हुमणी जात नाही, ती जमिनीत खाली असते.

वाढं गुरांना किती घालावं?

घाला पण नुसतंच नको. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, दुभतं जनावर महिनोन्महिने वाढ्यावर ठेवलं तर दूध अन हाडं दोन्हीवर परिणाम. चुन्याची निवळी शिंपडा, मिनरल मिक्श्चर द्या, सोबत कडबा ठेवा. आणि वाढ्यावर ऊसतोड टोळीचा हक्क मानला जातो बऱ्याच ठिकाणी, ते विकून त्यांचा रोजचा खर्च निघतो. धारूर-पाटोद्याची माणसं सहा-सहा महिने फडावर काढतात उचल फेडत, तेव्हा "वेस्टपासून वेल्थ" वगैरे बोलताना वाढं आमचं म्हणून उचलून नेऊ नका.

प्रेसमडपासून गॅस होतो ते खरं का?

खरं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राची सतत नावाची योजना आली, तेल कंपन्या कॉम्प्रेस्ड बायोगॅस विकत घेतात, त्यात प्रेसमड चांगला कच्चा माल ठरला. साधारण २५ टन प्रेसमडमागे एक टन गॅस धरतात. पण हे कारखान्याच्या पातळीचं काम, वर्षभर माल साठवायचा तर तो स्वतःच तापतो अन गॅस उडून जातो. शेतकऱ्याच्या बाजूनं एवढंच, मळी पूर्वीसारखी सहज मिळेल असं धरू नका. ताजी मळी थेट उभ्या पिकाला टाकू नका, ती कुजताना गरम होते, ढीग लावून पलटी मारून मगच.

राखेचं काय करतात?

विटांत, सिमेंटमध्ये थोडी मिसळून, शेतात. डिस्टिलरीतलं उरलेलं काळं सांडपाणी, स्पेंट वॉश म्हणतात ते, जाळून मिळणाऱ्या राखेपासून पोटॅशचं खत होतं, पीडीएम नावानं, १४.५ टक्के पालाश.

कोळसा अन कांडी (ब्रिकेट) चालेल का गावात?

चालू शकतं. पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या, पाचटापासून कोळसा करायची भट्टी बसवली अन २००२ ला त्यांना इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. बंद डब्यात हवा न देता पाचट जाळायचं, भुकटी खळीत मळून कांड्या पाडायच्या. तंत्र सोपं आहे, अडतं ते गिऱ्हाइकाशी, कारण उज्ज्वलाचा सिलिंडर घरात आल्यावर कोळशाची शेगडी कोण पेटवतो, मग ढाबा, तंदूर, इस्त्रीवाले हेच उरतात. आधी त्यांच्याशी बोला मग भट्टी.

मशरूम?

धिंगरी जातीची मशरूम येते पाचटावर अन बगॅसवर. हिवाळ्यात करा. एप्रिलमध्ये ४२ डिग्रीत गोणपाट भिजवत बसाल अन पाणी विकत आणाल.

रसवंतीचं चिपाड रोज टोपलीभर निघतं, फेकू का?

त्यात साखर राहते म्हणून माशा होतात, आंबट वास येतो. रोज पसरवून वाळवलं तर गुऱ्हाळाच्या किंवा घरच्या चुलीला जळण होतं. नाहीतर चिरून शेणकाल्यात टाका. जुनं बुरशी लागलेलं चिपाड उपसताना तोंडाला मास्क बांधा, त्या धुळीनं फुफ्फुसाचा बगॅसोसिस नावाचा आजार होतो, दम लागतो, ताप येतो, लोक साधा खोकला समजतात.

बचत गटानं सुरुवात कुठून करावी?

मशीनपासून नको. आधी तीन महिने दुसऱ्याचा माल आणून विका, कोणती साईज खपते, उधारी किती दिवस अडकते ते कळेल. नंतर पीएमईजीपी ही केंद्राची रोजगार कर्ज-सबसिडी योजना बघा, उत्पादन युनिटला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के सबसिडी अन स्वतःचे ५ टक्के. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योगकडं, नियम बदलत असतात तेव्हा तिथंच जाऊन ताजं विचारा. बँक मॅनेजर पहिल्यांदा "बघू" म्हणणार, ते धरूनच चाला.

एवढा उपयोग असेल तर ऊस अजून वाढवावा की.

अजिबात नाही. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात आहे, महाराष्ट्रात ४ टक्क्यांच्या आसपास जमीन उसाखाली अन सिंचनाचं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी त्यालाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते विसरायला अजून फार वर्षं झाली नाहीत. असलेल्या उसाचं नीट वापरा, एवढंच इथं सांगायचंय. प्लेटसाठी ऊस लावायचा असेल तर ती प्लेट थर्माकोलहून महाग पडली, पाण्यात.

मशीनवाला म्हणतो सगळा माल आम्हीच परत घेऊ. विश्वास ठेवू का?

ह्या बायबॅकच्या नावानं द्रोण-पत्रावळीच्या मशिनी आपल्याकडं घरोघरी गंजून पडल्यात. करारात दोन ओळी शोधा: माल नापास करायचा अधिकार कोणाचा, आणि पैसे किती दिवसांत. दोन्ही त्याच्याच हातात असतील तर तुम्ही पार्टनर नाही, मशीनचं गिऱ्हाईक आहात. आधी त्यानं याच जिल्ह्यात विकलेल्या दोन युनिटांचे पत्ते मागा अन न सांगता जाऊन बघा, मशीन चालू आहे का, गेल्या महिन्याचं पेमेंट आलं का. पत्ते द्यायला टाळाटाळ केली तर टोकन देऊ नका.